शंकासमाधान : सरळ रेषेवरून बांधलेले अंदाज

मागील अंकात या सदरातून रेषीय समाश्रयणाची, म्हणजे दोन राशींमधील संबंध एका सरळ रेषेत बसवण्याच्या पद्धतीची, तोंडओळख करून दिली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांवरून असे दिसते की सूत्रे बहुतेकांना जमतात आणि खरी अडचण उत्तर हाती आल्यानंतर सुरू होते. म्हणून या वेळी उत्तराचा अर्थ कसा लावावा याविषयीचीच पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : आम्हाला आमच्याच उपनगरात ७५० चौरस फूट कार्पेट क्षेत्राची जुनी सदनिका घ्यायची आहे. गेल्या वर्षभरात आसपास झालेल्या पाच व्यवहारांच्या किमती मी ‘इंडेक्स टू’वरून काढल्या, एक्सेलमध्ये आलेख काढला आणि त्यावर ट्रेंडलाइन घातली. आर-स्क्वेअर (किमतींतल्या चढउताराचा किती भाग रेषेने उलगडतो ते सांगणारा ० ते १ मधला आकडा) ०.९७ आला. रेषेप्रमाणे किंमत ५९ लाख ७० हजार येते. एजंट मात्र ६५ लाख सांगतो. तो पाच लाख जास्त लावतो आहे असे म्हणता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या पत्रात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. ते सुटे करण्याआधी आपली आकडेवारी समोर मांडू. क्षेत्रफळे शंभराच्या आणि किमती लाखाच्या पूर्णांकात आणल्या तरी आपली रेषा जवळपास तीच राहते, म्हणून मी तसे केले आहे : ५०० चौरस फुटांची सदनिका ४२ लाखांना, ६०० फुटांची ४७ लाखांना, ७०० फुटांची ५८ लाखांना, ८०० फुटांची ६१ लाखांना आणि ९०० फुटांची ७२ लाखांना. किंमत लाखांत मोजली तर यांतून ‘किंमत = ४.२ + ०.०७४ × क्षेत्रफळ’ अशी रेषा मिळते.

यातला ०.०७४ हा रेषेचा चढ. रुपयांत मांडला तर तो चौरस फुटाला ७,४०० होतो. हाच आपल्या परिसरातला भाव, असे समजण्याकडे साहजिकच कल होतो, पण तसे नाही. भाव म्हणजे किंमत भागिले क्षेत्रफळ, आणि तो आपल्या पाच व्यवहारांत ७,६२५ रुपयांपासून ८,४०० रुपयांपर्यंत आहे, म्हणजे पाचही वेळा ७,४०० च्या वरच आहे. चढ एवढेच सांगतो की, या पाचांसारख्या दोन सदनिकांच्या क्षेत्रफळात एका चौरस फुटाचा फरक असेल, तर त्यांच्या किमतींत सरासरीने ७,४०० रुपयांचा फरक आढळतो. ही दोन वेगवेगळ्या सदनिकांची तुलना आहे. घेतलेल्या सदनिकेची बाल्कनी आत घेऊन ५० फूट वाढवले तर ३ लाख ७० हजारांनी किंमत वाढेल, असे तिच्यातून निघत नाही, कारण मोठ्या सदनिका बहुधा नव्या इमारतींत, लिफ्ट आणि पार्किंगसह असतात आणि त्या सगळ्याचा पैसा या चढात क्षेत्रफळाच्या नावावर जमा झालेला असतो. राहिले ४.२ लाख. शून्य चौरस फुटांची सदनिका कोणी विकत नाही, तेव्हा या आकड्याला स्वतंत्र अर्थ शोधू नये. ५०० ते ९०० फुटांच्या टप्प्यात रेषा योग्य उंचीवर राहावी एवढेच त्याचे काम आहे.

आता रेषा प्रत्येक सदनिकेच्या बाबतीत किती चुकली ते पाहू. प्रत्यक्ष किमतीतून रेषेवरची किंमत वजा केली की क्रमाने ०.८, उणे १.६, २.०, उणे २.४ आणि १.२ लाख असे फरक मिळतात. त्यांची बेरीज शून्य येते, पण त्यावर खूश होण्याचे कारण नाही, कारण या पद्धतीने काढलेल्या प्रत्येक रेषेत ती शून्यच येते. या फरकांच्या वर्गांची बेरीज, जी येथे १४.४ आहे, इतर कोणत्याही सरळ रेषेपेक्षा कमी ठेवणे ही या पद्धतीची, म्हणजे लघुतम वर्गांच्या पद्धतीची, अट असते. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षा काढण्याच्या निमित्ताने ती प्रसिद्ध केली आणि १८०९ मध्ये गाउस यांनी तिला त्रुटींच्या सिद्धान्ताची जोड दिली. १४.४ ला तीनाने भागून वर्गमूळ काढले की २.१९ लाख येतात. पाचाने न भागता तीनाने भागायचे, कारण रेषेची उंची आणि तिचा चढ या दोन गोष्टी आपण याच पाच नोंदींतून काढल्या आहेत. आपल्या परिसरातली एखादी सदनिका रेषेपासून साधारणपणे किती दूर असते, त्याचे हे २.१९ लाखांचे माप झाले.

आता आपल्या दोन प्रश्नांकडे वळतो. पहिला प्रश्न : आपल्या भागातल्या ७५० फुटांच्या सगळ्या सदनिकांची सरासरी किंमत किती असेल? दुसरा : ७५० फुटांची ही एक विशिष्ट सदनिका कितीला जाईल? दोन्हींचे मधले उत्तर ५९ लाख ७० हजार हेच आहे, पण त्याभोवतीची अनिश्चितता सारखी नाही. पहिल्या प्रश्नात फक्त रेषा नेमकी कुठे आहे याविषयीची शंका मोजावी लागते, आणि ९५ टक्क्यांच्या पातळीवर उत्तर सुमारे ५६ लाख ४० हजार ते ६३ लाख असे येते. दुसऱ्या प्रश्नात त्या शंकेत प्रत्येक सदनिकेचा स्वतःचा चढउतारही मिळवावा लागतो, त्यामुळे टप्पा ५२ लाखांपासून ६७ लाख ४० हजारांपर्यंत रुंदावतो. एजंटाचे ६५ लाख पहिल्या टप्प्याच्या बाहेर आहेत आणि दुसऱ्याच्या आत आहेत. म्हणजे किंमत सरासरीहून चढी आहे असे आपण म्हणू शकता. पण ती या परिसरात न शोभणारी आहे, किंवा नेमके पाच लाख जास्त लावले आहेत, असे पाच नोंदींच्या आधारावर म्हणता येणार नाही.

आर-स्क्वेअर ०.९७ असूनही टप्पा पंधरा लाखांचा यावा, याचे आपल्याला आश्चर्य वाटेल. त्यात नोंदींच्या तुटपुंज्या संख्येचा वाटा मोठा आहे. पाचच नोंदी असल्या की प्रमाण त्रुटीला, म्हणजे अंदाजातल्या नेहमीच्या चुकीच्या मापाला, ३.१८ ने गुणावे लागते. पंचवीस असल्या तर २.०७ ने गुणणे पुरते. विखुरलेपणा हाच राहिला असे धरले, तर पंचवीस व्यवहारांवरून हाच टप्पा सुमारे ५५ ते ६४ लाखांवर येईल आणि तेव्हा ६५ लाखांना आपण अधिक ठामपणे हरकत घेऊ शकाल. मात्र नोंदी हजार केल्या तरी तो दोन्ही बाजूंनी सव्वाचार लाखांहून फारसा कमी होणार नाही, कारण नोंदी वाढवल्याने रेषा पक्की होते, सदनिका एकसारख्या होत नाहीत. त्यासाठी मजला, इमारतीचे वय, लिफ्ट, पार्किंग अशी माहिती गणितात घ्यावी लागेल.

आणखी एक. ‘इंडेक्स टू’वरची किंमत नोंदणी झालेल्या कराराची असते, तर एजंटाने सांगितलेली किंमत घासाघीस होण्यापूर्वीची असते. या दोहोंची तुलना करताना काही फरक असणारच हे गृहीत धरावे. उद्या १,५०० फुटांचे घर पाहायला गेलात तर ही रेषा घरीच ठेवावी. ती ११५ लाख सांगेल, स्वतःच्याच गणिताने ९६ ते १३४ लाखांचा टप्पा देईल, आणि तोही ९०० फुटांपुढे संबंध सरळच राहतो हे मानून, ज्याचा आपल्याजवळ एकही पुरावा नाही.

प्रश्न : आर-स्क्वेअर ०.७ पेक्षा कमी आला तर ते समाश्रयण टाकून द्यावे, असे आम्हाला शिकवले जाते. हे बरोबर आहे का?
— पदवी वर्गातील विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : नाही. असा सरसकट आकडा ठरवता येत नाही. वरच्याच उदाहरणात सदनिका ५०० ते ९०० फुटांऐवजी ६५०, ६७५, ७००, ७२५ आणि ७५० फुटांच्या घेतल्या, चढ तोच ठेवला आणि रेषेपासूनचे फरकही तितकेच ठेवले, तर आर-स्क्वेअर ०.९७ वरून ०.७० वर घसरतो. रेषा तीच आहे आणि किमतीच्या अंदाजातली चूकही तितकीच लाखांची आहे. फक्त क्षेत्रफळांचा पल्ला आखडला. म्हणून अंदाज किती उपयोगी आहे हे ठरवताना मी नेहमी आधी ते २.१९ लाखांचे माप पाहतो. त्याला एकक असते, आणि ज्याला पैसे मोजायचे आहेत त्याला ते कळते.

दुसऱ्या बाजूने, आर-स्क्वेअर समाधानकारक असला म्हणजे रेषा योग्य, असेही नाही. फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये मुद्दाम रचलेले चार संच प्रसिद्ध केले. प्रत्येकात अकरा जोड्या. चारही संचांत एका राशीची (‘क्ष’ची) सरासरी ९, दुसरीची ७.५, रेषा ‘३ + ०.५ × क्ष’ आणि आर-स्क्वेअर ०.६७, अगदी दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत चारही सारखे. आलेख काढल्यावर पहिला संच रेषेभोवती नीट विखुरलेला दिसतो आणि दुसरा स्वच्छ वक्र निघतो. तिसऱ्यात दहा बिंदू एका रेषेवर असून ‘क्ष’ १३ पाशी असलेला एकटा १२.७४ चा बिंदू रेषेला आपल्याकडे ओढतो. चौथ्यात दहा बिंदूंचा ‘क्ष’ ८ च आहे आणि सगळा चढ १९ वरच्या एका बिंदूने ठरवला आहे. तो काढला तर रेषा काढताच येत नाही. हे चार आलेख आपण स्वतः वहीत काढून पाहावेत. प्राध्यापकांशी वाद घालण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

प्रश्न : दर वर्षी एप्रिलमध्ये हवामान विभाग मोसमी पावसाचा टक्का जाहीर करतो. हा अंदाज समाश्रयणाने काढत असत असे वाचले. मग २००२ साली तो इतका कसा चुकला? आणि आमच्यासारख्यांनी पेरणी ठरवताना त्यावर किती विसंबावे?
— सोयाबीन उत्पादक, धाराशिव जिल्हा

उत्तर : समाश्रयण व्यवहारात कसे चालते, कुठे साथ देते आणि कुठे दगा देते, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण आपल्या देशात नाही, म्हणून उत्तर थोडे लांबवतो.

१८७७ च्या दुष्काळानंतर पावसाचा आगाऊ अंदाज सरकारला निकडीचा वाटू लागला. हवामान विभागाचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील हिवाळी आणि वासंतिक बर्फाचा पुढच्या मोसमी पावसाशी उलटा संबंध असल्याचे मांडले आणि १८८६ पासून अधिकृत अंदाज देण्यास सुरुवात झाली. त्याला संख्याशास्त्रीय रूप दिले गिल्बर्ट वॉकर यांनी. हे केंब्रिजचे गणिती. १९०४ ते १९२४ या काळात ते भारतातील वेधशाळांचे महासंचालक होते. जगभरच्या ठिकाणांचे हवेचे दाब, तापमान आणि पाऊस घेऊन त्यांनी सहसंबंध गुणांकांचे (दोन राशी कितपत एकत्र बदलतात ते सांगणाऱ्या आकड्यांचे) डोंगर रचले आणि त्यांतून निवडलेल्या घटकांवर समाश्रयणाचे समीकरण बसवले. विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले, आणि पुणेकर ज्या चौकाला अजूनही सिमला ऑफिस म्हणतात तिथल्याच वास्तूशी दीर्घ मुदतीच्या अंदाजाचे नाते पुढे जडले.

वॉकर यांचे मोठेपण मला आणखी एका गोष्टीत दिसते. शेकडो सहसंबंध तपासून त्यांतला सर्वांत मोठा उचलला, तर तो निव्वळ योगायोगानेही मोठा असू शकतो, हे त्यांनी १९१४ मध्येच लिहून ठेवले आणि किती तपासले त्यानुसार कसोटी कडक करावी असे सुचवले. शंभर निरर्थक घटक घेतले तरी त्यांतले पाचेक घटक नेहमीच्या ९५ टक्क्यांच्या चाळणीतून सुटून अर्थपूर्ण भासतात. हा इशारा संगणकाच्या काळात पुन्हापुन्हा विसरला जातो, कारण आता शंभर काय, लाख घटक तपासायलाही क्षण पुरतो.

१९८८ पासून डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने सोळा घटकांचे समाश्रयण वापरात आले. त्यात समुद्राचे तापमान, हवेचे दाब, वरच्या थरांतील वारे, हिमाच्छादन असे घटक होते. दहा-बारा वर्षे पाऊस मोठ्या दुष्काळाविना होत राहिला आणि प्रारूपाची प्रतिष्ठा वाढली. २००२ साली अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के आणि पडला ८१ टक्के. एकट्या जुलैत नेहमीच्या जवळपास निम्माच पाऊस झाला. पुढच्या वर्षी विभागाने आठ आणि दहा घटकांची नवी प्रारूपे आणली. तरीही २००४ मध्ये अंदाज १०० टक्के आणि प्रत्यक्ष पाऊस ८७ टक्क्यांच्या आसपास, असे झाले.

यात तीन गोष्टी गुंतल्या आहेत. पहिली अशी की वर्षाला एकच मोसम येतो, त्यामुळे काही दशकांच्या नोंदी म्हणजे अवघ्या काही डझन नोंदी. त्यांवर सोळा घटक बसवले की समीकरण पावसाबरोबर त्या त्या वर्षांचे योगायोगही पाठ करून बसते. जुन्या वर्षांशी ते सुरेख जुळते आणि नवे वर्ष आले की अडखळते. दुसरी गोष्ट, संबंध स्वतःच बदलतात. एल निनोच्या वर्षी पाऊस कमी हा अनुभव जुना आहे, पण १९९७ साली विसाव्या शतकातल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी एक असताना देशात १०२ टक्के पाऊस झाला. तिसरी गोष्ट, समाश्रयणाचे अंदाज स्वभावतःच सरासरीकडे झुकलेले असतात. घटकांचा पावसाशी संबंध जितका सैल, तितका अंदाज १०० च्या जवळ राहतो. त्यामुळे ज्या टोकाच्या वर्षी अंदाजाची सर्वांत गरज असते त्याच वर्षी तो सर्वांत जास्त चुकतो. हा विभागाचा निष्काळजीपणा नव्हे. लघुतम वर्गांच्या पद्धतीचाच तो परिणाम आहे.

आता टक्क्यांचा अर्थ. सध्या देशाची दीर्घकालीन सरासरी जून ते सप्टेंबर मिळून ८७ सेंटिमीटर धरली जाते. एप्रिलच्या अंदाजाला उणे-अधिक ५ टक्क्यांची त्रुटी जोडलेली असते. तिला प्रमाण त्रुटी मानले आणि चुका नेहमीच्या घंटाकृती वक्राप्रमाणे पसरल्या असे धरले, तर तीन वर्षांतून एकदा पाऊस त्या पट्ट्याच्या बाहेर जाणे अपेक्षितच आहे. अंदाजाची पारख करायची तर त्याची तुलना अशा माणसाशी करावी जो दर वर्षी डोळे मिटून ‘१०० टक्के’ म्हणतो. देशाच्या पावसाचे प्रमाण विचलन सरासरीच्या सुमारे १० टक्के आहे, म्हणजे त्या माणसाची नेहमीची चूक दहाच्या घरात असते. विभागाची चूक वर्षानुवर्षे त्याहून लहान राहिली तरच अंदाजाने काही कमावले. गेल्या काही वर्षांत समाश्रयणाच्या जोडीला, आणि २०२१ पासून मुख्यतः, वातावरण आणि समुद्र यांची समीकरणे सोडवणाऱ्या अनेक प्रारूपांचा एकत्रित अंदाज वापरला जातो.

आपल्या पेरणीबाबत मात्र उत्तर सरळ आहे. तो टक्का साऱ्या देशाच्या चार महिन्यांच्या बेरजेचा असतो. देशात १०५ टक्के पाऊस पडूनही आपल्या मंडळात जुलैत तीन आठवड्यांची उघडीप असू शकते, आणि सोयाबीनला मारते ती उघडीप. देशाच्या सरासरीसाठी बसवलेल्या समीकरणातून तालुक्याचा पाऊस काढता येत नाही. पेरणीसाठी कृषी विभाग सांगतो तोच निकष धरावा : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय आणि वाफसा आल्याशिवाय पेरू नये. त्याला पुढच्या आठवडाभराच्या जिल्हावार अंदाजाची जोड द्यावी. एप्रिलचा टक्का धान्यसाठा, धरणांचे नियोजन आणि आयात-निर्यात ठरवणाऱ्यांच्या कामाचा आहे.

प्रश्न : आमच्या शाळेत पहिल्या चाचणीत सर्वांत कमी गुण मिळवलेल्या दहा मुलांसाठी जादा तास घेतले. त्यांची सरासरी २० वरून दुसऱ्या चाचणीत ३४ झाली. त्याच वेळी पहिल्या दहा मुलांची सरासरी ८५ वरून ७३ झाली. जादा तासांचा उपयोग झाला आणि हुशार मुले गाफील राहिली, असा अहवाल लिहावा असे मुख्याध्यापकांचे म्हणणे आहे. दोन्ही चाचण्यांत इयत्तेची सरासरी ५० होती, गुणांचा विस्तार सारखा होता आणि दोन चाचण्यांतला सहसंबंध ०.६ होता.
— शिक्षिका, नाशिक जिल्हा

उत्तर : आपण सहसंबंध आणि सरासरी कळवलीत हे फार बरे झाले, कारण त्यांच्यावरून अहवाल तपासता येतो. विस्तार सारखा असल्यामुळे रेषेचा चढ ०.६ च आहे. पहिल्या चाचणीत सरासरीहून ३० गुण खाली असलेला गट दुसऱ्या चाचणीत ३० च्या ०.६ पट, म्हणजे १८ गुण खाली असणे अपेक्षित आहे. याचा अर्थ जादा तास न घेताही त्या मुलांची सरासरी ३२ च्या आसपास आली असती. तसेच ३५ गुण वर असलेला गट २१ गुण वर, म्हणजे ७१ वर येणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात खालचा गट अपेक्षेहून २ गुण वर आहे आणि वरचा गटही २ गुण वरच आहे, ज्याला कोणी जादा शिकवले नाही. तेव्हा तासांचा उपयोग झाला किंवा हुशार मुले गाफील राहिली, यांपैकी कोणताही निष्कर्ष या आकड्यांतून निघत नाही.

कारण असे की एका दिवसाच्या गुणांत मुलाच्या तयारीबरोबर त्या दिवसाचे नशीबही असते : न आलेला प्रश्न, ताप, घरातली कटकट, अचूक लागलेला अंदाज. सर्वांत खालचे दहा निवडताना ज्यांचा तो दिवस वाईट गेला अशी मुले आपण जास्त प्रमाणात निवडतो, आणि पुढच्या चाचणीत प्रत्येकाचा दिवस पुन्हा वाईट जात नाही. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ प्रौढ मुले यांच्या उंचीत हेच दाखवले. स्त्रियांच्या उंचीला १.०८ ने गुणून ती पुरुषांच्या मापात आणल्यावर असे आढळले की, आईवडिलांची सरासरी उंची सर्वसाधारणपेक्षा तीन इंचांनी जास्त असेल तर मुलांची सुमारे दोन इंचांनीच जास्त असते. गंमत अशी की उलट बाजूने, म्हणजे फार उंच मुले निवडून त्यांच्या आईवडिलांकडे पाहिले, तरी तेही सरासरीच्या जवळच सापडतात, आणि मुलांच्या उंचीचा परिणाम आईवडिलांवर होतो असे तर कोणी म्हणणार नाही.

तासांचा परिणाम खरोखर पाहायचा असेल तर पुढच्या वेळी खालच्या वीस मुलांतून चिठ्ठ्या टाकून दहा निवडावीत, त्यांना आधी तास द्यावेत, उरलेल्या दहांना पुढच्या सत्रात द्यावेत आणि मधल्या चाचणीत दोन्ही गटांची तुलना करावी. कोणावर अन्यायही होत नाही.

प्रश्न : डाळिंबावरील तेल्या रोग आणि हवेतील आर्द्रता यांच्या संबंधावर माझा प्रकल्प आहे. अनेक बागांत रोग आढळलाच नाही. ‘रोगच नाही तर तीव्रता कशी मोजणार, त्या नोंदी वगळा’ असा सल्ला मिळाला आहे. वगळाव्यात का?
— कृषी पदवीचा विद्यार्थी, सोलापूर जिल्हा

उत्तर : मुळीच वगळू नयेत. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या शून्याच्या नोंदींतच आहे. कोणत्या आर्द्रतेत रोग आला हे रोगट बागा सांगतील. कोणत्या आर्द्रतेत आला नाही हे फक्त निरोगी बागाच सांगू शकतात.

अशा वगळण्याची सर्वांत महागडी किंमत चॅलेंजर अंतराळयानाच्या बाबतीत मोजावी लागली. २८ जानेवारी १९८६ च्या उड्डाणाच्या आदल्या रात्री थंडीमुळे रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कड्या काम देतील का, यावर चर्चा झाली. समोर ठेवलेल्या तापमानाच्या नोंदींत भर होता तो कड्यांना इजा झालेल्या उड्डाणांवर, आणि तेवढ्याच पाहिल्या तर इजा थंड हवेतही दिसत होती, उबदार हवेतही. संबंध काहीच जाणवत नव्हता. इजा न झालेली उड्डाणे त्यांत मिळवली की चित्र पालटते. चौकशी आयोगाने नंतर दाखवले की ६६ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक तापमानाच्या वीस उड्डाणांपैकी तिनांतच इजा झाली होती, तर ६३ अंश किंवा त्याहून कमी तापमानाच्या चारही उड्डाणांत झाली होती. त्या सकाळी तापमान ३१ अंशांच्या आसपास होते आणि त्याआधीचे सर्वांत थंड उड्डाण ५३ अंशांचे होते, म्हणजे निर्णय नोंदींच्या पल्ल्याबाहेर खूप दूर जाऊन घ्यायचा होता. सात अंतराळवीर त्यात मृत्युमुखी पडले.

आपल्या प्रकल्पात मात्र साधी सरळ रेषा पुरणार नाही. रोगाचे प्रमाण शून्याखाली जात नाही आणि शंभर टक्क्यांवर चढत नाही. रेषेला हे ठाऊक नसते, आणि कोरड्या हवेसाठी ती उणे पाच टक्के रोगही सांगून मोकळी होईल. तेव्हा काम दोन टप्प्यांत करावे. आधी सगळ्या बागा घेऊन रोग आला की नाही याची शक्यता आर्द्रतेवरून काढावी. त्यासाठी लॉजिस्टिक समाश्रयण वापरतात, जे उत्तर शून्य आणि एकच्या मध्येच ठेवते. त्यानंतर रोग आलेल्या बागांपुरता तीव्रतेचा आणि आर्द्रतेचा संबंध पाहावा, आणि तो निष्कर्ष तेवढ्याच बागांना लागू आहे हे स्पष्ट लिहावे. बागेचा बहार, छाटणीची वेळ आणि फवारण्यांची संख्या यांच्या नोंदीही मिळवाव्यात, कारण दमट हवेच्या पट्ट्यात फवारण्या जास्त होत असतील तर आर्द्रतेचा परिणाम आहे त्याहून कमी दिसेल.